खर्ज

माझ्या ऑर्गनचा सर्वांत खालचा स्वर
सात हिवाळे झाले, मुका आहे.
पायपट्टी दाबली की नुसती हवा सुटते,
म्हाताऱ्या गायीच्या उसाशासारखी.

त्याच्यासाठी मी पैसे जमवले होते.
वॅफल विकले, सोडतीची तिकिटं विकली,
अंत्यविधीनंतर हातात पडलेली पाकिटं
मेणबत्त्यांच्या कपाटात एकावर एक रचली.

मग नोव्हेंबरात, सूर्य गेला त्या आठवड्यात,
ती दाराशी दिसली. त्सेगेरेदा.
धक्क्यावरच्या कारखान्यात कॉडची मुंडकी छाटते.
तीन स्तोत्रं होईतो उभी राहिली,
चौथ्याला नाहीशी झाली.
पुढच्या रविवारी तेच.

पाळक आयलर्ट झगा सावरत बर्फातून तिच्यामागे धावला.
परतला तो मिशीत बर्फ आणि तोंड उतरलेलं.
"आत का बसत नाहीस, विचारलं.
म्हणाली, अंगाला वास येतो.
बराकीत चौतीस माणसं आहेत,
नळ एक, आणि तोही गोठतो."

सभा भरली. कॉफी झाली. केक झाला.
मी म्हणालो, कारखान्याचं काम कारखान्यानं करावं,
चर्च म्हणजे काय धोबीघाट आहे?
(म्हणालो खरा. माशाचा काटा अडकावा
तसं ते वाक्य अजून घशात आहे.)

तेव्हा राग्नफ्रिद,
किल्ल्या सांभाळणारी, एक्याऐंशीची,
जिचा आवाज सभेत कुणी ऐकलाच नव्हता,
विणकामातून मान वर न करता म्हणाली :
"दरवर्षी त्या गुरुवारी
आपण पाळकाकडून पाय धुवून घेतो.
घरून धुऊन आणलेले पाय."

बस्स. पुन्हा सुया चालू.

माझ्या खर्जाच्या पैशांतून
धुलाईची दोन मशिनं आली, बोटीनं, दोरानं करकचून बांधलेली.
वस्त्रागारात बसवली.
पाळकाचे झगे खिळ्यावर गेले,
पवित्र प्याल्यांशेजारी साबणाची पोती.

कामगार येऊ लागले, पाळी सुटली की, रात्री-अपरात्री.
लिथुआनियाचा विटेनिस पहिल्याच दिवशी म्हणाला,
देव-बिव आपण मानत नाही, आधीच सांगतो.
राग्नफ्रिद म्हणाली, पांढरे कपडे वेगळे टाक.
तो बाकावर बसून बियाण्यांची यादी वाचतो,
गावी टोमॅटो लावायचेत म्हणे,
आणि जाताना न सांगता
दाराच्या बिजागरीत तेल घालून जातो.

उपासनेला आम्ही होतो तेवढेच : अकरा.
आजारी कुणी असलं तर दहा.
बिशपच्या कचेरीतून फॉर्म आला, नवीन सभासद किती?
आयलर्टनं बराच वेळ पेन चावलं,
शून्य लिहिलं,
आणि समासात, बारीक अक्षरात :
चादरी, दोनशे सहा.

मी मात्र रुसलो होतो. खोटं कशाला बोलू?
साबणाचा वास स्तोत्रपुस्तकांना लागला म्हणून
महिनाभर कुरकुर केली.

मग फेब्रुवारीत एका रविवारी
कुणाची तरी दुपारची पाळी होती, थांबायला सवड नव्हती,
शेवटच्या स्तोत्रात भिंतीपलीकडे मशीन गरगरू लागलं.
फळ्या हलल्या. सवयीनं माझा पाय
त्या मुक्या पट्टीवर पडला
आणि खालून स्वर आला.

चमत्कार वगैरे काही नाही.
स्वर थोडा चढाच होता, अर्ध्या श्रुतीनं,
माझ्या गुरूनं छडी मारली असती.
पण अकरा माणसं जरा रुंद झाल्यासारखी गायली,
आणि मी पट्टीवरून पाय काढला नाही,
पिळून होईपर्यंत.

नंतर त्सेगेरेदा वाफाळती घोंगडी छातीशी धरून
मधल्या वाटेनं, वेदीसमोरून, बाहेर गेली.
थांबली नाही. घाई होती तिला.

एक राखाडी मोजा मागे राहिला.
मी तो ऑर्गनच्या खुंटीवर अडकवलाय.
टाचेला ठिगळ आहे, निळ्या दोऱ्याचं.
अजून कुणी मागायला आलेलं नाही.